कळंबा तलाव आणि पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवसृष्टी : कोल्हापूरच्या जल-इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

सारांश :

कोल्हापूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः राज्यकर्ते, अभियंते, धरणे आणि नळयोजना यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. ज्या पाण्याचा हा इतिहास आहे त्या पाण्यात राहणाऱ्या लहान जीवांना त्यात स्थान मिळत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात कळंबा तलाव केंद्रस्थानी ठेवून शिंपले, गोगलगायी, जळवा, जलकीटक व प्राणिप्लवक या अपृष्ठवंशीय जीवांशी मानवी समाजाचा संबंध कसकसा बदलत गेला, याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. तलाव कोणत्या हेतूने बांधला गेला यावर त्यातील जीवसृष्टीचे कायदेशीर भवितव्य आज अवलंबून आहे, हे दाखविणे हा या निबंधाचा मुख्य प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : कळंबा तलाव, पाणथळ जागा, अपृष्ठवंशीय प्राणी, नारू, सायक्लॉप्स, गाळ, पर्यावरणीय इतिहास.

प्रस्तावना :

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते. रंकाळा आणि कोटितीर्थ ही नावे आजही पाण्याची आठवण देतात; इतर अनेक नावे मात्र केवळ नावे म्हणून उरली आहेत. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई उभी आहे. शहरातील तळी अस्वच्छ होत गेली, ती रोगाचे मूळ ठरली आणि क्रमाक्रमाने बुजविली गेली. याच प्रक्रियेची दुसरी बाजू म्हणजे शहराबाहेर, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून बांधलेला कळंबा तलाव होय. शहरातील पाणी नाकारणे आणि शहराबाहेरचे पाणी नळाने आत आणणे या दोन्ही गोष्टी आधुनिक आरोग्यविचाराच्या एकाच सूत्रातून निर्माण झाल्या.

या सूत्राचा अभ्यास करताना एक उणीव ठळकपणे जाणवते. मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानाविषयीचा १८५४ चा अहवाल आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड ही अभ्यासकांची नेहमीची साधने आहेत. गॅझेटिअरच्या ठरलेल्या साच्यात पाळीव जनावरे, वन्य पशू, पक्षी, साप, मासे यांना स्वतंत्र जागा असे. पाण्यातील अपृष्ठवंशीय प्राण्यांना मात्र तशी जागा नव्हती. जे व्यापारात, शिकारीत किंवा महसुलात येत नव्हते, ते नोंदीतही येत नव्हते. म्हणूनच या जीवांचा इतिहास लिहिण्यासाठी वैद्यक, धर्माचार, प्राणिशास्त्र आणि कायदा अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील साधने एकत्र आणावी लागतात.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) कळंबा तलावाच्या निर्मितीमागील जलविचार समजून घेणे.
२) गोड्या पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवांविषयीच्या मानवी दृष्टिकोनातील स्थित्यंतरे अभ्यासणे.
३) या जीवांच्या संरक्षणासंबंधीच्या आजच्या प्रश्नांचे ऐतिहासिक मूळ शोधणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी प्रामुख्याने वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्राचा अभ्यासक नाही. प्राणिशास्त्रीय माहिती येथे सर्वमान्य ज्ञानाच्या आधारे, इतिहासाच्या आकलनासाठी आवश्यक तेवढीच घेतली आहे.

विषय विवेचन :

अ) पारंपरिक ज्ञान : जळवा आणि गाळलेले पाणी

पाण्यातील लहान जीवांकडे आपल्या पूर्वजांचे लक्षच नव्हते, असा समज योग्य नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्तमोक्षणासाठी जळवांच्या उपयोगावर स्वतंत्र अध्याय आहे. तेथे जळवांचे सविष सहा व निर्विष सहा असे एकूण बारा प्रकार सांगितले आहेत. विशेष महत्त्वाची बाब अशी की, कुजक्या, घाणेरड्या पाण्यातील जळवा त्याज्य आणि कमळे असलेल्या निर्मळ पाण्यातील जळवा ग्राह्य मानल्या आहेत. पाण्याचा दर्जा आणि त्यात राहणारा प्राणी यांचा संबंध जोडण्याचा हा प्राचीन प्रयत्न होय. आज आपण ज्याला जैविक निर्देशक म्हणतो, त्या कल्पनेचे बीज येथे आढळते.

दुसरे उदाहरण धर्माचाराचे आहे. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडील बेळगाव या पट्ट्यात जैन समाजाची वस्ती मोठी आहे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेणे आणि फडक्यावर राहिलेले जीव, ज्या विहिरीचे वा तळ्याचे पाणी असेल तेथेच हलकेच परत सोडणे, हा या समाजातील जुना आचार आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवालाही त्याचे घर आहे आणि ते घर म्हणजे विशिष्ट पाणी होय, अशी जाणीव या आचारामागे आहे. गाळण्याची क्रिया पुढे सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमेतही केंद्रस्थानी आली. परंतु जीव परत सोडण्याचा दुसरा अर्धा भाग तेथे उरला नाही. या फरकाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

ब) कळंब्याची निर्मिती आणि नळाचे पाणी

१८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्यानंतर गादीवर आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते. १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू छत्रपतींनी प्रत्यक्ष राज्यसूत्रे हाती घेतली ती २ एप्रिल १८९४ रोजी. या मधल्या काळात संस्थानच्या कारभारावर ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या अभियांत्रिकी दृष्टीचा मोठा प्रभाव होता. शहराला शुद्ध पाणी पुरविण्यासाठी कळंबा तलाव बांधण्याची योजना याच कालखंडातील आहे.

कळंबा गाव शहराच्या दक्षिणेस, चढावर आहे. त्यामुळे तेथील पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराने शहरात आणता येत होते. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे स्थळनाम या व्यवस्थेची साक्ष देते. कळंब्याहून आलेले पाणी तेथे साठवून पुढे वस्तीत दिले जाई. पाण्याला ‘खजिना’ म्हणणाऱ्या समाजाला त्याचे मोल कळत होते, हे निराळे सांगावयास नको.

परंतु नळाने एक दूरगामी सामाजिक बदल घडविला. तळ्याच्या घाटावर धुणे धुणारी बाई, जनावरे पाजणारा गुराखी आणि पोहणारी मुले यांचा पाण्यातील जीवांशी रोजचा परिचय असे. पायाला चिकटणारी जळू, काठावरचा शिंपला, दगडाखालचा खेकडा आणि पाण्यावर घिरट्या घालणारा चतुर या गोष्टी पाण्यापासून वेगळ्या नव्हत्या. नळाच्या तोटीतून येणारे पाणी मात्र निर्जीव दिसावे, अशीच अपेक्षा असते. त्यात एखादा जीव दिसला तर ती तक्रारीची बाब ठरते. नळाने आरोग्याचे मोठे हित साधले, याविषयी शंका नाही. मात्र त्याच वेळी ‘पाणी’ आणि ‘पाण्यातील जीव’ या दोन कल्पनांची फारकत झाली, याचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

क) शत्रू म्हणून ओळख : नारू, हिवताप आणि गिमवी

आधुनिक विज्ञानाने या जीवांची पहिली व्यापक दखल घेतली ती रोगाच्या संदर्भात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या तळ्यांतील गोड्या पाण्यातील स्पंजांचा सूक्ष्म अभ्यास केला. १८६३ मध्ये एका स्पंजाच्या जातीला त्यांचे नाव देण्यात आले. ती जाती आज युनॅपियस कार्टेरी या नावाने ओळखली जाते. याच कार्टर यांनी मुंबईतील नारूच्या रोगाचा आणि तळ्यांतील सूक्ष्म कृमींचा संबंध शोधण्याचाही प्रयत्न केला. जीवाविषयीचे निखळ कुतूहल आणि रोगाविषयीची चिंता या दोन्ही प्रेरणा एकाच अभ्यासकाच्या ठायी होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नारूचे कोडे सुटण्यास १८७० हे वर्ष उजाडले. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेंको यांनी तुर्कस्तानात केलेल्या निरीक्षणांतून नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या शरीरात वाढतात, हे दाखवून दिले. तो सायक्लॉप्स पाण्यावाटे पोटात गेला की माणसाला नारू होतो. परळच्या मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डी. ए. तर्खड यांनी या विषयावर काम केले. ज्या पायविहिरींत माणसे उतरून पाणी भरत, तेथे रोग्याच्या पायातील जखमेतून अळ्या पाण्यात जात आणि चक्र पूर्ण होई. तळे आणि पायविहीर यांविरुद्ध आरोग्य खात्याने घेतलेली कठोर भूमिका या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

हिवतापाची कथाही याच दिशेने गेली. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डास व हिवताप यांचा संबंध सिद्ध केल्यावर साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास, हे समीकरण रूढ झाले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये गॅम्बुसिया हा परदेशी मासा भारतात आणण्यात आला. तो अळ्यांबरोबर प्राणिप्लवकही खातो. वास्तविक चतुर व टाचणी यांची पिल्ले, पाण्यातील ढेकूण व भुंगेरे हे डासांच्या अळ्यांचे स्वाभाविक भक्षक आहेत. परंतु तळ्यातील शत्रू शोधणाऱ्या दृष्टीला तळ्यातील मित्र दिसले नाहीत.

तिसरे उदाहरण कोकणातील आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमिआसिस या रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. त्या रोगाचा वाहक म्हणून फेरिसिया टेन्युइस ही काही मिलिमीटर आकाराची गोगलगाय पुढे आली. भारतात हा रोग जवळजवळ अज्ञात असताना एका लहानशा गावातील पाण्यातील एवढ्याशा गोगलगाईमुळे वैद्यकशास्त्राला आपले गृहीत तपासावे लागले.

नारूच्या लढ्याचा शेवट यशस्वी झाला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. सुरक्षित पाणी, पायविहिरींचे रूपांतर, टेमिफॉस या औषधाचा वापर आणि फडक्याने पाणी गाळणे, असे साधे उपाय योजले गेले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. लशीशिवाय व रामबाण औषधाशिवाय मिळविलेले हे यश सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील अभिमानाचे पान आहे. या यशात वर उल्लेखिलेल्या फडक्याचाच मोठा वाटा होता. मात्र आता फडक्यावर उरलेला जीव हा केवळ रोगवाहक होता. त्याला परत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व सायक्लॉप्स रोगवाहक नसतात आणि नारू गेल्यावर तर ते कोणाचेच शत्रू उरले नाहीत. तरीही समाजमनातील प्रतिमा बदलली नाही.

ड) निर्देशक म्हणून ओळख : विद्यापीठे आणि प्रबंध

विसाव्या शतकाच्या आरंभी दुसराही प्रवाह वाहू लागला होता. नेल्सन ॲनंडेल यांचा गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रा व पॉलिझोआ यांवरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. युरोपात कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये पाण्यातील जीवांवरून प्रदूषणाची पातळी ओळखण्याची पद्धत मांडली. भारतात १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर अशा पद्धतींना व्यावहारिक महत्त्व आले.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि कोल्हापूरच्या तळ्यांना अभ्यासक लाभले. रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव यांच्या पाण्याचे गुणधर्म, प्लवक आणि तळाशी राहणारे जीव यांवर पुढील दशकांत अनेक विद्यार्थ्यांनी काम केले. या अभ्यासपरंपरेतून जे सर्वसाधारण चित्र समोर येते ते असे. पावसाळ्यात ओढ्यांबरोबर गाळ व शेतातील खते तलावात येतात. पाणी निवळल्यावर हिवाळ्यात पाणपिसवांसारखे प्राणिप्लवक वाढतात व शैवाल खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात. उन्हाळ्यात पाणी आटून पोषकद्रव्ये दाट होतात, तेव्हा रोटिफर वर्गातील सूक्ष्म जीवांचे प्रमाण वाढते. सांडपाणी मिसळू लागले की चतुरांच्या पिल्लांसारखे संवेदनशील जीव कमी होतात आणि कमी प्राणवायूतही तगणारे ट्युबिफेक्स किडे व कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या वाढतात. रंकाळ्यात केंदाळ माजले तेव्हा ते सर्वांना दिसले. त्याच्या कितीतरी आधी तळाच्या चिखलातील जीवांत होणारा बदल मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यालाच दिसू शकतो.

शिंपल्यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. गोड्या पाण्यातील लॅमेलिडेन्स या प्रजातीचा शिंपला पाणी कल्ल्यांतून गाळून त्यातील सूक्ष्म कण खातो. अर्थात तो तलावाचा स्वयंचलित गाळणारा आहे. त्याच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे मासे गेले तर शिंपल्यांची पुढील पिढी नाही आणि शिंपले गेले तर पाण्याची नैसर्गिक गाळणी नाही. ज्या कामासाठी नगरपालिका लक्षावधी रुपये खर्चून शुद्धीकरण केंद्र चालविते, त्यातील काही काम हे जीव विनामूल्य करीत असतात.

इ) कायद्यातील अनुपस्थिती

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर व लोणार यांना २०२० मध्ये आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. देशांतर्गत पाणथळ जागा संवर्धन नियम प्रथम २०१० मध्ये आले. त्यांतील व्याख्येत जलाशय व तलाव यांचा समावेश होता. २०१७ मध्ये त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांनी मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ-उत्पादन व करमणूक यांसाठी बांधलेल्या मानवनिर्मित जलाशयांना पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले.

ही व्याख्या शब्दशः वाचली तर कळंब्यासारखा, शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी बांधलेला तलाव तिच्या बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याने लिहून ठेवलेला हेतू एकविसाव्या शतकातील चतुराचे व शिंपल्याचे भवितव्य ठरवितो, असा हा विलक्षण प्रकार आहे. ज्या हेतूने तलाव बांधला तो हेतू शहरापुरता आज बराच गौण झाला आहे. कोल्हापूर आता प्रामुख्याने नदीच्या व धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. दरम्यान दीडशे वर्षांच्या आसपासच्या काळात या मानवनिर्मित तलावात निसर्गाने आपला संसार थाटला आहे. हेतू संपतो, वस्ती उरते. कायद्याने हेतू पाहिला, वस्ती पाहिली नाही.

ई) गाळ : एक ऐतिहासिक साधन

अशा तलावांच्या बाबतीत दोन कामे नेहमी लोकप्रिय ठरतात : गाळ काढणे आणि सुशोभीकरण. साठवण वाढविण्यासाठी गाळ काढणे आवश्यक असते आणि तो शेतकऱ्यांना उपयोगीही पडतो, यात दुमत नाही. परंतु गाळ म्हणजे केवळ माती नव्हे. पाणपिसवांची सुप्त अंडी गाळात दशकानुदशके टिकतात व अनुकूल परिस्थितीत उबवताही येतात, हे युरोप-अमेरिकेतील अभ्यासांनी सिद्ध केले आहे. उन्हाळ्यात पायला गोगलगाय कवचाचे झाकण लावून चिखलात दडून बसते व पहिल्या पावसाची वाट पाहते. संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात यंत्राने खरवडला तर या सुप्त पिढ्याही नाहीशा होतात. काठावर सर्वत्र दगडी बांध घातला तर उथळ पाणी व पाणवनस्पती यांवर जगणाऱ्या कीटकांना जागाच उरत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून वेगळी चिंता वाटते. गाळाचे थर हे तलावाचे दप्तर आहे. त्यात कवचे, परागकण, सुप्त अंडी व कीटकांच्या अळ्यांचे अवशेष कालक्रमाने साचलेले असतात. तलाव आटल्याने वा पूर्वी गाळ उपसल्याने हे थर काही ठिकाणी विस्कळीत झालेले असणार. तथापि जेथे ते शाबूत आहेत तेथे लिखित साधनांनी जे नोंदविले नाही ते वाचता येईल. एखाद्या संस्थानाचे मोडी दप्तर कोणी न वाचता टिपरमध्ये भरून नेले तर आपण स्वस्थ बसणार नाही. तलावाच्या दप्तराबाबत मात्र आपण प्रतिवर्षी तेच पाहतो आणि त्यास विकासकाम म्हणतो.

निष्कर्ष :

१) कळंबा तलाव हा शहरांतर्गत तळी नाकारणाऱ्या आणि बाहेरचे पाणी नळाने आणणाऱ्या आरोग्यविचाराचा भाग होता. या बदलाने नागरिक व जलचर यांचा दैनंदिन परिचय संपुष्टात आणला.

२) पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवांची ओळख सहजीवी, रोगवाहक, निर्देशक आणि कायद्याच्या दृष्टीने अदृश्य अशा अवस्थांतून गेली आहे. नारू निर्मूलनाचे यश निर्विवाद आहे. परंतु त्या लढ्यातील शत्रुप्रतिमा सर्व जलचरांना चिकटून राहणे अन्यायकारक आहे.

३) २०१७ च्या नियमांतील निर्मितीहेतूवर आधारलेला निकष ऐतिहासिक तलावांसाठी अपुरा आहे. तलावाची आजची जीवसृष्टी हा निकष त्यास जोडला पाहिजे.

४) गाळ काढण्यापूर्वी त्याचे नमुने जतन करावेत, तळ टप्प्याटप्प्याने उपसावा आणि काठाचा काही भाग नैसर्गिक स्थितीत राखावा.

समारोप :

वरील सूचनांपैकी निदान एक आपल्या हाती आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व प्राणिशास्त्र विभागांत तलावांवरील जुने प्रबंध, प्रकल्पवह्या आणि नमुन्यांच्या बाटल्या धूळ खात असतात. कोणत्या वर्षी कोणत्या पाण्यात कोणता जीव होता, हे सांगणारी ती अस्सल कागदपत्रे आहेत. इतिहास व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्यांची सूची केली, तर कळंब्याच्या पाण्याचा इतिहास प्रथमच पाण्याच्या बाजूने लिहिता येईल. फडक्यावर उरलेला जीव ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात परत सोडणाऱ्या समाजाला हे काम अवघड वाटू नये.